करून बघायला काय जातं?

पत्रलेखिका ३३ वर्षांच्या आहेत. मुद्रितशोधनाचं काम करतात, एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम (ऑटिझमचा एक प्रकार) असल्याचं निदान झालं. चिंतेसाठी रोज एक गोळी चालू आहे. निदान कळल्यापासून त्यांची मोठी बहीण एकामागून एक उपचार सुचवते आहे: गहू आणि दूध बंद करणं, होमिओपॅथी, उच्च दाबाचा ऑक्सिजन. तिच्या आग्रहाखातर त्यांनी एका केंद्रात दर गुरुवारी 'ब्रेन ट्रेनिंग' सुरू केलं. डोक्याला सेन्सरचा पट्टा लावून पडद्यासमोर बसायचं, मन शांत झालं की पडद्यावरची होडी पुढे सरकते. बारा सत्रं झाली. तिथून येताना शांत वाटतं, हे त्या मान्य करतात. आता केंद्राने साठ सत्रांचं पॅकेज पुढे केलं आहे. त्यात विशेष आहार आहे, केसांच्या तपासणीवरून ठरणाऱ्या पूरक गोळ्या आहेत आणि 'मेंदूच्या आड येणारी' चिंतेची गोळी बंद करण्याचा सल्लाही आहे. ताई म्हणते, "करून बघायला काय जातं?" त्या विचारतात: नाही म्हटलं तर मी आडमुठी ठरते का? आणि मला जे बरं वाटतं ते खोटं आहे का?

नमस्कार,

गोळीचं आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू. केंद्राच्या सांगण्यावरून ती गोळी बंद करू नका, अर्धीही करू नका. चिंतेवरच्या बऱ्याच गोळ्या घाईने सोडल्या की चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखं वाटतं. शिवाय जिच्यासाठी गोळी सुरू केली ती चिंता परत डोकं वर काढते ती वेगळीच. नेमक्या अशा वेळी 'शरीरातलं विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे' असं समजावणारं कोणीतरी हजर असतं. गोळी जन्मभर घ्या असं मी म्हणत नाही. सोडायची असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि त्यांनी आखून दिलेल्या टप्प्यांनी सोडा. केंद्राने दिलेल्या पूरक गोळ्यांची यादीही त्यांना दाखवा. 'वनस्पतीजन्य' म्हणजे निरुपद्रवी, असं समीकरण नाही. सेंट जॉन्स वर्ट ही मन प्रसन्न करणारी म्हणून विकली जाणारी वनस्पती सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत घेतली तर जिवावर बेतू शकतं.

आता तुमच्या पत्राकडे येते. ते मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. मुद्रितशोधक बाईचं पत्र पेन्सिल घेऊन वाचावं, हा आगाऊपणाच. पण एका जागी खूण करावीशी वाटली. तुम्ही कंसात एक वाक्य लिहिलं आहे: 'एका गुरुवारी तो पट्टा बिघडला होता, तासभर नुसतीच त्या खोलीत बसून आले, पैसे मात्र पूर्ण घेतले.' तुमचा राग पैशांचा आहे आणि तो रास्तच आहे. पण त्या संध्याकाळी घरी जाताना तुम्हाला कसं वाटत होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या वाक्याकडे मी पुन्हा येईन.

त्याआधी 'अ‍ॅस्पर्जर बरा होतो' या केंद्राच्या पत्रकातल्या ओळीबद्दल. हे नाव आता निदानाच्या पुस्तकांतून जवळपास गेलंच आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत ते १९९४ साली आलं आणि २०१३ साली 'ऑटिझम स्पेक्ट्रम'मध्ये विलीन झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ते स्वतंत्र उरलेलं नाही. (ज्यांचं हे नाव, त्या हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी नाझी काळात अपंग मुलांना ठार करणाऱ्या व्हिएन्नातल्या संस्थेकडे मुलं पाठवली होती, हे २०१८ साली कागदपत्रांतून पुढे आल्यावर अनेकांनी ते वापरणं सोडलं. तुम्हाला ते आपलं वाटत असेल तर मी तेच वापरते.) नाव कुठलंही असो, ही मेंदूची जन्मापासूनची घडण आहे. सर्दीसारखी आली आणि गेली, असं तिचं नसतं. ही घडण बदलणारं औषध कोणाकडेही नाही, मोठ्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांकडेही नाही. बदलता येतो तो तिच्यासोबत येणारा त्रास: चिंता, झोपेची ओढाताण, आवाज आणि उजेड सोसवत नाही ते, लोकांत वावरून येणारा थकवा. त्यामुळे 'बरं करतो' म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात चुकलेला असतो. 'झोपेसाठी मदत करतो' म्हणणाऱ्याचं किमान ऐकून तरी घ्यावं.

मराठीत आपण 'गुण आला' म्हणतो. फार गोड शब्दप्रयोग आहे, पण त्यात एक गोष्ट गाळलेली असते: कशाला गुण आला? तुमच्या पत्रात ताईंचं एक वाक्य आहे, "ती चारचौघांत हसून-खेळून बोलायला लागली की मी म्हणेन गुण आला." आणि तुम्ही स्वतःबद्दल काय लिहिलंय? ऑफिसातल्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट दिवसभर कानात राहतो. अचानक फोन वाजला की हातातलं काम विस्कटतं. घरी आल्यावर दोन तास अंधारात पडून राहावं लागतं, त्याशिवाय जेवणसुद्धा सुचत नाही. तुमच्या या यादीत चारचौघांत हसून-खेळून बोलणं कुठेच नाही. म्हणजे तुम्ही दोघी एकाच उपचाराबद्दल भांडताय, पण दुखणी दोन वेगवेगळी आहेत, आणि त्यातलं एक तर तुमचं नाहीच. ते ताईंचं आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात त्यातला हा प्रकार.

चारचौघांत हसून-खेळून बोलणं तुम्हाला जमतं, हेही तुम्ही लिहिलंय. फक्त त्याची किंमत दुसऱ्या दिवशी मोजावी लागते. अशा उपचारांचं यश बऱ्याचदा याच मापाने मोजलं जातं. माणूस कमी 'वेगळा' दिसायला लागला की उपचार लागू पडला! आतून तो किती दमला, हे कोणी विचारत नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक साधा मुद्दा मांडला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं कुठे कळतं? गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, उपचाराला मात्र एकाच बाजूला पाठवलं जातं. ताई ज्या दिवशी तुमच्याशी फोनऐवजी मेसेजवर बोलायला तयार होतील, त्या दिवशी कोणाला गुण आला म्हणायचं?

आता तुमचा दुसरा प्रश्न: बरं वाटतं ते खोटं का?

याचं उत्तर द्यायला एक जुनी गोष्ट सांगते. १९९८ साली अमेरिकेत तीन ऑटिस्टिक मुलांबद्दल एक छोटा अहवाल छापून आला. पोटाच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन नावाचं संप्रेरक टोचलं होतं. स्वादुपिंडाचं काम नीट चाललंय का हे बघायला ते वापरतात. पुढच्या काही आठवड्यांत मुलं जास्त बोलायला लागली, डोळ्याला डोळा देऊ लागली. बातमी फुटली आणि असंख्य पालक त्या इंजेक्शनमागे धावले. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर नीट चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं सलाइनचं पाणी. कोणाला काय टोचलं हे पालकांनाही माहीत नाही आणि मुलांना तपासणाऱ्यांनाही नाही. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि सिक्रेटिनवाल्या गटात ती जास्त नव्हती. पुढे अशा १६ चाचण्या झाल्या, ९००हून अधिक मुलांवर. उत्तर तेच आलं. मला या सगळ्यात विसरता येत नाही ती मात्र वेगळीच गोष्ट. पहिल्या चाचणीचा निकाल पालकांना समजावून सांगितला, तरी त्यांतले ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला या उपचारात अजून रस आहे.

ते पालक भोळे होते असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या डोळ्यांनी सुधारणा पाहिली होती. ती सुधारणा खरीच होती, फक्त तिचं श्रेय चुकीच्या बाटलीला गेलं होतं. माणूस नवा उपचार कधी सुरू करतो? दिवस सगळ्यात वाईट चाललेले असतात तेव्हा. त्यानंतर बहुतेक वेळा थोडं बरंच होतं, काही केलं नाही तरी. मुलं आपापल्या गतीने वाढत असतात. उपचार सुरू झाला की घरातले सगळे जास्त लक्ष देतात, जास्त धीराने वागतात, आणि आशेने बघायला लागल्यावर एरवी न दिसलेल्या गोष्टीही दिसतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याच्या नावाने पावती फाडतो.

हे काही पर्यायी उपचारांपुरतंच नाही, नाहीतर मी एकाच बाजूची वकिली करतेय असं वाटेल. २००९ साली सिटालोप्राम या नैराश्यावरच्या नेहमीच्या वापरातल्या औषधाची १४९ ऑटिस्टिक मुलांवर चाचणी झाली. पुन्हा पुन्हा तेच ते करण्याची सवय त्याने कमी होईल असा अंदाज होता. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के मुलं सुधारली, आणि साखरेच्या गोळीने ३४ टक्के. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दलही किती बोलबाला होता; २०२१ साली २९० मुलांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचाही उपयोग दिसला नाही. फरक असला तर इतकाच की या दोन्ही ठिकाणी कोणीतरी मोजलं आणि नाही म्हणून छापलं. तुमच्या केंद्राच्या भिंतीवर 'आमच्याकडे कोणाला उपयोग झाला नाही' अशी पाटी लावलेली तुम्ही पाहिली आहे का?

तुमच्या होडीसारख्या यंत्राला न्यूरोफीडबॅक म्हणतात. एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या दीडशेच्या आसपास मुलांवर त्याची एक काटेकोर चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला त्यांच्या मेंदूच्या लहरींवर चालणारा खेळ दिला, दुसऱ्याला दुसऱ्याच कोणाच्या तरी आधीच नोंदवून ठेवलेल्या लहरींवर चालणारा. मुलांना आणि पालकांना हे माहीत नव्हतं. दोन्ही गट चांगले सुधारले, आणि सारखेच सुधारले. ऑटिझमच्या लक्षणांवर न्यूरोफीडबॅकचा भरवशाचा परिणाम अजून कोणी दाखवलेला नाही.

म्हणून मला त्या बिघडलेल्या पट्ट्याच्या गुरुवारात रस आहे. तुम्ही त्या खोलीचं वर्णन किती बारकाईने केलंय! जाड पडदे, एकच मंद दिवा, दर वेळी तीच कोपऱ्यातली खुर्ची. फोन बाहेरच्या खणात ठेवायचा. पट्टा लावणारी मुलगी 'झालं' एवढंच बोलते आणि निघून जाते. पन्नास मिनिटं कोणी काही विचारत नाही, तुम्हाला चेहऱ्यावर काही आणावं लागत नाही. दर गुरुवारी, ठरलेल्या वेळी. अहो, अ‍ॅस्पर्जर असलेल्या माणसासाठी खास विश्रांतीची खोली बनवायची ठरवली असती तर ती याहून वेगळी काय बनवली असती? तुम्हाला बरं वाटतं ते मी शंभर टक्के खरं मानते. शंका आहे ती होडीबद्दल.

आणि ही शंका तुम्ही घरबसल्या फेडू शकता. साठ सत्रांवर सही करायच्या आधी दोन महिने मागून घ्या. उद्यापासून एका वहीत रोज दोनच आकडे लिहा: ऑफिसातून आल्यावर किती मिनिटं पडून राहावं लागलं, आणि रात्री दिवा मालवल्यापासून झोप लागेपर्यंत अंदाजे किती वेळ गेला. दोनच. वीस रकाने आखलेत तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. (तुमच्या बाबतीत कदाचित नाही पडणार, पण मग रकानेच सुधारत बसाल.) पहिले दोन आठवडे नेहमीसारखं चालू द्या. मग दर बुधवारी रात्री नाणं उडवा. छाप आली तर केंद्रात जा, काटा आला तर घरीच, त्याच वेळी: पडदे ओढून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एका ठरलेल्या खुर्चीत पन्नास मिनिटं. नाण्यावर सोपवायचं एवढ्यासाठी की वाईट आठवडा बघून आपण नकळत केंद्राकडे वळतो आणि हिशेब बिघडतो. या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करायचं नाही. आहार नाही, गोळ्या नाहीत, उशीसुद्धा बदलायची नाही. शेवटी वही उघडून बघा. हे विज्ञान म्हणून कोणी छापणार नाही, पण तुमच्या एका सहीपुरतं पुरेसं आहे. खोलीने जे काम केलं त्याचे पैसे यंत्राला द्यायचे का, हे तुम्हाला कळेल.

इतर कोणताही उपचार करून बघायचा झाला तरी हीच पद्धत वापरता येईल. सुरू करण्याआधी समोरच्याला विचारायचं: नेमकं काय बदलेल, किती आठवड्यांत, आणि नाही बदललं तर आपण कधी थांबायचं? तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी. प्रामाणिक माणूस तारीख सांगतो. बाकीचे म्हणतात, 'प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, धीर धरा.'

पॅकेजमधल्या बाकीच्या गोष्टींचं थोडक्यात.

केसांची तपासणी सोडून द्या. २००१ साली काही संशोधकांनी एकाच निरोगी व्यक्तीचे केस सहा वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले. अनेक खनिजांच्या आकड्यांत प्रयोगशाळेगणिक दहा पटींहून जास्त तफावत निघाली. कोणी एक सल्ला दिला, कोणी त्याच्या उलटा. अशा आकड्यांवरून गोळ्या ठरवणं म्हणजे चुकलेल्या मुद्रितावरून शुद्धिपत्र काढणं! त्या गोळ्यांत बी-६ जीवनसत्त्व किती आहे तेवढं जरूर बघा. ऑटिझमसाठी ते मॅग्नेशियमसोबत मोठ्या मात्रेत देण्याची जुनी पद्धत आहे, आणि मोठी मात्रा बराच काळ घेतली तर हातापायांच्या नसा दुखावतात, मुंग्या येतात.

गहू-दुधाबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण तिथे एक खाचखळगा आहे. गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसीन ही प्रथिनं अर्धवट पचून अफूसारखे पदार्थ बनतात आणि मेंदूवर परिणाम करतात, अशी एक कल्पना १९७०च्या दशकाच्या शेवटापासून फिरते आहे. चाचण्यांनी तिला आधार दिलेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा आहार घेणाऱ्या १४ मुलांना कोणालाही न कळता मधूनमधून ग्लूटेन, केसीन किंवा निरुपद्रवी पदार्थ खाऊ घातला. वागण्यात, झोपेत काहीच फरक पडला नाही. मात्र पोटाचा त्रास ऑटिस्टिक लोकांत खरोखर जास्त आढळतो, आणि तुम्हीही पोट फुगण्याबद्दल लिहिलंय. तो त्रास ऑटिझमच्या खात्यावर टाकून दुर्लक्षित करू नका, पोटाचा म्हणूनच दाखवा. आणि गहू सोडण्याच्या आधी सिलिअ‍ॅक या ग्लूटेनमुळे आतडं दुखावणाऱ्या आजाराची रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती तपासणी केली तर आजार असूनही ती कोरी येऊ शकते. आधीच मोजके पदार्थ खाणाऱ्या माणसाने आणखी दोन गट ताटातून काढले तर काय उरतं, हाही विचार करा. दूध सोडलेल्या ऑटिस्टिक मुलांची हाडं पातळ झाल्याचं दिसलेलं आहे.

होमिओपॅथीने ऑटिझमवर परिणाम होतो असं दिसलेलं नाही. तिच्यापायी चालू औषध थांबवलं जात असेल तर ती महाग पडते. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला साफ नाही म्हणा. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने मुलांसाठीच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत तो ऑटिझमसाठी कुठल्याही परिस्थितीत वापरू नये, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच ओळीत सिक्रेटिन आहे आणि किलेशनही.

किलेशनचं नाव तुमच्या पत्रात नाही, तरी लिहिते, कारण हे सदर लहान मुलांचे आईवडीलही वाचतात. रक्तातले जड धातू औषधाने बाहेर काढायचे, असा तो प्रकार. शिशाची खरी विषबाधा झालेल्यांना त्याचा उपयोग होतो, ऑटिझमला नाही. २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा हा उपचार चालू असताना गेला. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि हृदय थांबलं. आधी किलेशनचं औषध द्यायचं आणि मग लघवीत धातू मोजायचे, ही त्यातली नेहमीची चलाखी. ते औषध दिलं तर तुमच्या-माझ्या लघवीतही धातू वाढलेलेच दिसतील. 'मिरॅकल मिनरल सोल्यूशन' या नावाने मुलांना पाजलं जाणारं द्रव्य तर प्रत्यक्षात ब्लीच आहे, क्लोरीन डायऑक्साइड; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबद्दल २०१० आणि २०१९ साली इशारे दिले आहेत. मोठं माणूस उठून खोलीबाहेर जाऊ शकतं. चार वर्षांचं मूल जाऊ शकत नाही, आणि न बोलणारं मूल तर दुखतंय हेही सांगू शकत नाही. तिथे 'करून बघायला काय जातं' हा प्रश्न विचारायलाच बंदी हवी.

मग सगळंच टाकाऊ का? नाही. वजनदार पांघरुणाचं उदाहरण मला फार आवडतं. २०१४ साली ६७ ऑटिस्टिक मुलांवर त्याची चाचणी झाली. झोपेची मिनिटं काही वाढली नाहीत. पण मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा ते जास्त आवडलं. आता तुम्हाला अंगावर भार आलेला सुखावत असेल तर घ्या की खुशाल! आवडतं म्हणून घ्या, औषध म्हणून नको. पोहणं, वाद्य वाजवणं, प्राण्यांसोबत वेळ घालवणं, योगासनं, हे सगळं मी याच खणात ठेवते. ते करण्यासाठी शास्त्राची चिठ्ठी लागत नाही, आणि कोणी त्याला 'थेरपी' म्हणून तिप्पट पैसे मागितले तर तेवढेही द्यायची गरज नाही.

ज्यांना बऱ्यापैकी आधार आहे अशा गोष्टी दिसायला साध्या असतात, म्हणून त्यांची जाहिरात होत नाही. चिंतेसाठी सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार), पण ऑटिस्टिक व्यक्तीसाठी बदललेली: जास्त लेखी, जास्त नेमकी, 'तुम्हाला काय वाटतं' कमी आणि 'काय घडलं' जास्त. साठच्या जागी बारा-पंधरा भेटी पुरू शकतात. झोप लागायला फार वेळ लागत असेल तर मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाबद्दल डॉक्टरांना विचारा. ऑटिस्टिक मुलांत त्याचा उपयोग चांगला दिसला आहे, मोठ्यांबाबत ते ठरवतील. ऑफिसात ट्यूबलाइटखालून जागा बदलून मागा, आवाज रोखणारे हेडफोन लावा, कामाच्या सूचना लेखी द्यायला सांगा. यातलं काहीच मेंदूची घडण बदलत नाही. पण तुमच्या वहीतले ते दोन आकडे यानेच हलतील, असा माझा कयास आहे. आणि जमलं तर तुमच्यासारखं उशिरा निदान झालेल्या एखाद्या माणसाशी बोला, लेखी का होईना. 'अरे, हे तुलाही होतं?' या वाक्याने जे होतं ते कुठल्या पट्ट्याने होत नाही.

राहता राहिल्या ताई. आडमुठेपणाचा प्रश्न मनातून काढून टाका. आडमुठी बाई बारा गुरुवार जात नाही. पण ताई हे सगळं का करतात, हेही बघायला हवं. धाकट्या बहिणीला ३१ वर्षं काहीतरी होत होतं आणि आपल्याला कळलं नाही, ही टोचणी त्यांना असावी. टोचणी लागलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही, त्याला काहीतरी करायचं असतं. मग करायला द्या ना! तुम्हाला फोन करवत नाहीत. बँकेचा, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचा, घरमालकाचा फोन ताईंकडे सोपवा. समोरासमोर बोलणं जड जाईल, तेव्हा लिहून पाठवा. असं काहीसं: 'ताई, तू माझ्यासाठी शोधतेस ते मला कळतं. पण नवीन उपचार मी दोन महिने घेणार नाही, कारण मी एक गोष्ट मोजते आहे. तुला मदत करायची असेल तर मला या तीन फोनांतून सोडव आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे माझ्यासोबत चल.' कारणं देत बसू नका. संशोधनाचे दाखले तर नकोच; सिक्रेटिनच्या त्या ६९ टक्क्यांना दाखलेच दिले होते.

डॉक्टरांकडे त्या आल्या तर 'गोळी मेंदूच्या आड येते का' हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. तुमच्या तोंडून ऐकलेल्या उत्तराचं वजन आणि डॉक्टरांकडून ऐकलेल्याचं वजन सारखं नसतं, निदान मोठ्या बहिणींच्या बाबतीत तरी. मीही कोणाची तरी मोठी बहीण आहे.

पॅकेजवर सवलतीची मुदत या महिनाअखेरीस संपते, असं केंद्राने सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. संपू द्या. आणि तो पट्टा बिघडला होता त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तुम्ही लगेच जेवायला बसला होतात, की दोन तास पडून होतात? आठवत असेल तर कळवा.